आऊट निघाला, ताण राहिला

सायकलच्या दुकानात चाक फिरवायचे, रिमजवळ खडू धरायचा आणि जिथे तो लागेल तिथल्या समोरच्या बाजूचे स्पोक आवळायचे, अशा रीतीने आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढतात. चाक सरळ फिरू लागते आणि काम संपले असे सगळे धरून चालतात. माझ्या मते ते अर्धेच झालेले असते. डावीकडचा एक स्पोक फार ताणलेला असेल आणि त्याच्या शेजारचा उजवीकडचाही तितकाच, तर रिम मधोमधच राहते. विषम ताणाचे चाकही सरळ दिसू शकते. मात्र ते टिकत नाही.

स्पोक म्हणजे बारीक तार. तिला दाबले तर ती वाकते. म्हणून चाक वजन पेलते ते आधी भरून ठेवलेल्या ताणाच्या बळावर. जमिनीला टेकलेल्या जागी रिम किंचित चपटी होते आणि तिथल्या मोजक्या स्पोकांचा ताण उतरतो. बाकीच्यांचा फारसा बदलत नाही. म्हणजे चाकाच्या दर फेरीत प्रत्येक स्पोकचा ताण एकदा उतरतो आणि पुन्हा चढतो. मुळात सैल असलेला स्पोक यात पार ढिला पडतो, त्याचे निप्पल, म्हणजे रिमकडच्या टोकाचे नट, आपोआप फिरू लागते आणि त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. वारंवारच्या या चढउताराने धातू थकतो आणि स्पोक बहुधा हबपाशी, वाकणातच तुटतो. दोष तुटलेल्या स्पोकला दिला जातो. सुरुवात मात्र पुष्कळदा शेजारच्या सैल स्पोकपासून झालेली असते.

ताण किती नाजूक असतो ते आकड्यांत पाहू. २ मिलिमीटर जाडीचा, ३०० मिलिमीटर लांबीचा पोलादी स्पोक सुमारे १०० किलो ताणाखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. निप्पलचा एक पूर्ण फेरा जवळपास तेवढाच असतो. रिमही थोडी दबते, म्हणून प्रत्यक्षात परिणाम कमी होतो. तरीही पाव फेरा ही मोठी दुरुस्ती आहे.

ताण डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतो. रिमजवळ स्पोक छेडावा. लांबी आणि जाडी सारखी असेल तर स्वराची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सा आणि कोमल रे एवढे अंतर ऐकू आले, तर ताणात सुमारे १२ टक्के फरक आहे. तुलना एकाच बाजूच्या स्पोकांची करावी. गिअरच्या मागच्या चाकात उजवी बाजू मुळातच जास्त ताणलेली असते.

खरे कौशल्य पाना फिरवण्याआधीच्या निर्णयात आहे. रिम उजवीकडे गेली असेल तर उजवा स्पोक सैल करूनही ती परत येते आणि डावा आवळूनही. आधी दोन्ही छेडून पाहावेत. उजवा चढ्या स्वरात बोलत असेल तर तो सोडावा. डावा उतरलेला असेल तर तो आवळावा. एकाच हालचालीत आऊटही निघतो आणि ताणही जुळतो. ऐकल्याशिवाय नेहमी आवळतच गेले तर चाक सरळ होते आणि विषमता मात्र वाढत जाते. आवळताना स्पोकही पिळला जातो, म्हणून निप्पल थोडे पुढे नेऊन मागे आणावे.

खड्ड्यात आपटून रिमच वाकली असेल तर हा नियम पुरा पडत नाही. तिथे सरळपणा हवा तर ताणात विषमता सोसावी लागते. फरक थोडा असेल तर मी आऊट किंचित राहू देतो, ब्रेकचे रबर घासत नाही एवढाच. फार असेल तर रिम बदलतो.