गिट्टी आणि चाक

लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकूडबाजार. ओंडक्यांच्या थप्प्या, आरा गिरण्या आणि ओझ्याने करकरणारी चाके. अशा वस्तीत रस्त्याचा इतिहास वरच्या डांबरात शोधू नये, खालच्या गिट्टीत शोधावा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडमने फोडलेल्या खडीचा रस्ता रूढ केला. खडी सहा औंसांहून, म्हणजे सुमारे 170 ग्रॅमहून जड नको, हा त्याचा दंडक. कोनेदार दगड एकमेकांत अडकतात आणि रस्ता घट्ट बसतो. आपल्याकडे त्यात मुरूम, पाणी आणि रूळ आले.

पण मंडळी, खडीचे दगड एकमेकांना अंगभर टेकत नाहीत. ते टेकतात टोकांनी, कडांनी. चाकाचा भार त्या इवल्या जागांतूनच खाली उतरतो. बैलगाडीच्या अरुंद लोखंडी धावेखाली कोना तुटे, दगडाचा चुरा होई. उन्हाळ्यात त्याची धूळ, पावसाळ्यात चिखल. पुढे मोटारी आल्या. त्यांची वेगवान रबरी चाके दगडांमधली भुकटी उडवून नेऊ लागली. एक चाक दगड फोडी, दुसरे त्याचा आधार काढून घेई.

रस्त्यांची दैना पाहून 1927 साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पेट्रोलवरील जादा कराचा पैसा रस्त्यांना द्यावा, अशी तिची शिफारस होती. 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. डिसेंबर 1943 मध्ये देशभरचे मुख्य अभियंते आपल्या नागपुरात जमले आणि वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ तयार झाली. सुपीक मुलखातले गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे तिचे स्वप्न.

योजना मैलांत मोजतात, रस्ता मात्र दाण्यादाण्यावर टिकतो. म्हणून प्रयोगशाळेत सुमारे 14 किलोंचा हातोडा 38 सेंटिमीटरवरून पंधरा वेळा गिट्टीवर पाडतात आणि किती चुरा झाला ते तोलतात. चपटे, लांबट दगड आधी मोडतात. मोठ्या दगडांच्या फटींत लहान गिट्टी नीट भरली, तर टेकण्याच्या जागा वाढतात. भार वाटला जातो, दगड वाचतो.

ही बारीक भर वरून दिसत नाही, म्हणून काटकसर तिथेच होते. त्याची किंमत गाडीवान, हमाल आणि सायकलवाला मोजतो. रस्ता खचला की डांबराबरोबर तळच्या गिट्टीचाही हिशेब मागायला हवा.