डोरेमॉन हिंदीत बोलला आणि ढाका चिडलं

आज जायचंय ढाक्याला. फेब्रुवारी २०१३. बांगलादेश सरकारनं चक्क डोरेमॉनवर बंदी घातली! मारामारी, भुतंखेतं असलं काही कारण नव्हतं. कारण होतं हिंदी.

१९६९ च्या शेवटी जपानी कॉमिक्समधून आलेलं हे निळं मांजर २००५ पासून भारतातल्या टीव्हीवर हिंदी बोलायला लागलं. आपले चॅनल केबलवरून तिकडेही दिसायचे. म्हणजे बांगलादेशात त्याला मुद्दाम कुणी नेलंच नाही, ते आपलं डबिंग घेऊन गेलं. पोरं तासन्‌तास बघायची आणि घरात आईशी हिंदीत बोलायची. आणि देश कुठला? जिथं २१ फेब्रुवारी १९५२ ला बांगला भाषेसाठी विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. पुढे डोरेमॉन तिथं परतला, पण बांगला बोलत.

खोटं कशाला बोलू, बंदी मला पटत नाही. पण ती भीती कळते. माझी सहा वर्षांची भाची पुण्यात राहते. परवा गणित अडलं तर म्हणाली, "मामा, मेरी मदद करो ना!" अगदी नोबिताच्या सुरात. मी मराठीत समजवायला बसलो. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.