ऑनलाइन बँकिंगमधील जोखीम व ग्राहकजागृती (मावळ-लोणावळा)

मोबाइल अ‍ॅप, संकेतस्थळ, यूपीआय किंवा कार्डाने होणाऱ्या व्यवहारांतील फसवणुकीचे प्रकार, त्यांवरील खबरदारी आणि पैसे गेल्यावर मिळणारे कायदेशीर संरक्षण यांची खातेदाराला असलेली जाण.

पार्श्वभूमी : पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि बनावट कार्डांनी २८ देशांत रक्कम काढली. स्विफ्ट या आंतरबँक संदेशयंत्रणेद्वारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवले. हा तोटा बँकेचा होता. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. खातेदाराने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच ठरतो.

स्थानिक प्रकार : लोणावळा-खंडाळ्यात शनिवार-रविवारसाठी बंगले भाड्याने घेणाऱ्या पर्यटकांना बनावट संकेतस्थळे व जाहिराती दाखवून आगाऊ रक्कम उकळली जाते. उलट बाजूने, गिऱ्हाईक असल्याचे भासवून बंगलेमालक किंवा दुकानदाराला ‘पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा’ असे सांगितले जाते आणि यूपीआय पिन टाकायला लावून त्याच्याच खात्यातून रक्कम काढली जाते. पैसे स्वीकारताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे एवढे ठाऊक असले तरी ही फसवणूक जागीच थांबते. केवायसी अद्ययावत करण्याचे, वीज तोडण्याचे किंवा वाहनाच्या चलनाचे संदेश, सोबतची एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आणि पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर दिलेली ‘डिजिटल अटके’ची धमकी हे अन्य प्रकार होत. डिजिटल अटक नावाची तरतूद भारतीय कायद्यात नाही.

ग्राहकाचे दायित्व : रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांना आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांना नियम घालून दिले. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून त्रयस्थ ठिकाणी असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास सर्वसाधारण बचत खात्यासाठी त्याची मर्यादा १०,००० रुपये. निष्काळजीपणा ग्राहकाचा असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते.

तक्रार : १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक व राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल यांवर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येते. मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे, तर लोणावळा, कामशेत व वडगाव मावळ पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. हद्द शोधण्यात वेळ न दवडता आधी १९३० व बँकेला कळवावे. लाजेपोटी गप्प बसण्याने चोरालाच अवधी मिळतो. म्हणून सावधगिरीइतकीच त्वरित तक्रारीची सवय हा ग्राहकजागृतीचा गाभा मानला पाहिजे.