जटायूचे वंशज आणि आपली गोसेवा

॥ श्री ॥

रामकथेतील जटायूचा प्रसंग लहानपणी ऐकला नाही असा भाविक विरळा. सीतामाईला घेऊन जाणाऱ्या रावणाला या वृद्ध गृध्रराजाने अडविले, त्याचा रथ मोडला आणि पंख छाटले गेल्यावरही प्रभू येईपर्यंत प्राण धरून ठेवला. दशरथाचा हा सखा श्रीरामांना पित्यासमान होता. म्हणूनच प्रभूंनी स्वहस्ते त्याच्या चितेला अग्नी दिला आणि गोदावरीत त्याला जलांजली वाहिली, असे वाल्मीकी रामायणात सांगितले आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात असलेले सर्वतीर्थ टाकेद हे क्षेत्र जटायूचे मोक्षस्थान मानले जाते व तेथे आजही भाविक तीर्थस्नान करतात.

या जटायूचे कुळ म्हणजे गिधाडे. आपल्या देशातून ती नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत. त्यांच्या ऱ्हासाचे मुख्य कारण शिकार नव्हे आणि जंगलतोडही नव्हे. गाईगुरांना वेदना होऊ नयेत म्हणून दिले जाणारे एक औषध हे ते कारण होय. गोसेवा हा ज्यांचा धर्म आहे, त्या सर्वांनी हा विषय समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

गिधाडांचा ऱ्हास

१९८० च्या दशकात भारतात सुमारे चार कोटी गिधाडे असावीत, असा अंदाज सांगितला जातो. गावाबाहेर माळावर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आकाशात घिरट्या सुरू होत आणि थोड्याच वेळात केवळ हाडांचा सांगाडा उरे. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी हे दृश्य स्वतः पाहिले असेल.

१९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडांची घरटी झपाट्याने कमी होत असल्याचे आढळले. मान खाली घालून बसलेले पक्षी काही दिवसांत मरून पडत होते. पुढे देशभर गणना झाली, तेव्हा १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. या तिन्ही जाती आणि राजगिधाड आज जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त गणल्या जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्यांना सर्वोच्च संरक्षण आहे.

कारण

आरंभी एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता. डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाब प्रांतात संशोधन करून २००४ मध्ये खरे कारण प्रसिद्ध केले. ते म्हणजे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. लंगडणाऱ्या, सूज आलेल्या वा तापलेल्या जनावरास ते टोचले जाई. जनावराला त्याचा अपाय होत नसे. मात्र टोचल्यानंतर थोड्याच दिवसांत ते जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात शिल्लक राही. असे मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत, अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचे आणि काही दिवसांत त्याचा अंत होई.

एवढ्या थोड्या विषाने एवढा मोठा संहार कसा झाला, असा प्रश्न साहजिक आहे. गिधाडे थव्याने जेवतात. एका मृत जनावरावर अनेक पक्षी तुटून पडतात. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले आहे. म्हणून ‘आमच्या एका गाईला दिले तर काय बिघडते’ हा विचार येथे योग्य ठरत नाही.

परिणाम

गिधाडाच्या जठरातील तीव्र आम्लामुळे फाशी रोगासारख्या आजारांचे जंतूही नष्ट होतात. ही नैसर्गिक स्वच्छता थांबल्यावर मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली, पाणवठे दूषित झाले आणि भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडण्यात आला. पारशी बांधवांच्या परंपरागत अंत्यविधीतही यामुळे मोठी अडचण निर्माण झाली.

उपाययोजना

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांकरिता वापरल्या जात होत्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ मध्ये बंदी आली आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवरही आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले असून ते सर्वत्र मिळते. टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिडही सुरक्षित आढळले आहे. म्हणजेच गाईच्या वेदना दूर करण्यासाठी गिधाडाचा बळी देण्याची काहीही आवश्यकता उरलेली नाही.

हरियाणातील पिंजोर येथे ‘जटायू’ याच नावाने संवर्धन व प्रजनन केंद्र चालते. तेथे वाढविलेली काही गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा व पेंच या व्याघ्रप्रकल्पांत आणण्यात आली. भोपाळजवळ केरवा येथेही असे केंद्र आहे.

आम्हा मध्य प्रदेशातील मराठी मंडळींसाठी समाधानाची गोष्ट अशी की, देशात सर्वाधिक गिधाडे आज याच राज्यात आहेत. २०२५ च्या गणनेत ही संख्या बारा हजारांहून अधिक भरली. श्रीराम जेथे राजा म्हणून पूजिले जातात, त्या ओरछा क्षेत्री बेतवेच्या काठी असलेल्या बुंदेला राजांच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. रामराजाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी नदीकाठी जरा थांबून मान वर केली, तर जटायूच्या कुळाचेही दर्शन घडेल. मात्र घरट्यांजवळ गोंगाट करू नये व छत्र्यांवर चढू नये.

भाविकांचे व गोशाळांचे कर्तव्य

म्हाताऱ्या, भाकड व जखमी गाई गोशाळेत आश्रयास येतात आणि त्यांचा शेवटही तेथेच होतो. त्यामुळे शेवटच्या दिवसांत वेदनाशामक दिले जाण्याचा संभव तेथे सर्वाधिक असतो. यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, ही विनंती :

१. गोशाळेत येणाऱ्या पशुवैद्यांना मेलॉक्सिकॅमच वापरण्याची लेखी विनंती करावी. वर सांगितलेली बंदी असलेली औषधे गोशाळेच्या कपाटात ठेवू नयेत. दानात आली तरी स्वीकारू नयेत.

२. प्रत्येक गाईला कोणत्या दिवशी कोणते औषध दिले, याची नोंदवही ठेवावी.

३. मृत्यूपूर्वी काही दिवसांत अपायकारक वा अज्ञात औषध दिलेले असल्यास ते शव उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

४. मृत जनावरावर विष टाकू नये. कुत्र्यांसाठी वा बिबट्यासाठी टाकलेल्या विषाने गिधाडांचे थवेच्या थवे मरतात.

५. संक्रांतीच्या वेळी काचेचा वा नायलॉनचा मांजा वापरू नये. जखमी गिधाड आढळल्यास त्याला स्वतः औषध न देता वनखात्यास कळवावे.

गिधाडाला अशुभ मानण्याची समजूत आपल्याकडे आहे. प्रभूंनी मात्र त्याचे मस्तक मांडीवर घेतले होते, अशी श्रद्धा आहे. रामनवमीच्या कीर्तनात जटायूचा प्रसंग आला की डोळे पाणावतात. त्याच दिवशी गोशाळेतील औषधांचे कपाट एकदा उघडून पाहिले, तर ती सेवाही श्रीरामचरणी रुजू होईल.

॥ श्रीरामचंद्रार्पणमस्तु ॥