सहा पेन्सांचें मासिक

जानेवारी १८९१ मध्यें लंडनांत जॉर्ज न्यून्स यानें ‘स्ट्रँड’ मासिक काढलें. तशा मासिकांस एक शिलिंग पडे. याची किंमत सहाच पेन्स, आणि जेथें उघडावें तेथें चित्र! पहिल्या अंकाच्या सुमारें तीन लक्ष प्रती खपल्या. चित्र निघतांच मागचा बांकही जागा होतो, हें आम्हां शिक्षकांस ठाऊक. न्यून्सनें त्यावर संसार थाटला.

जुलैपासून त्यांत शेरलॉक होम्सच्या कथा येऊं लागल्या. डॉईलनें एके ठिकाणीं डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी एवढेंच लिहिलें. चित्रकार सिडनी पॅजेटनें तिची शिकाऱ्याची कानपट्टीची टोपी केली, आणि जगानें तीच खरी मानली.

पण या चित्रांमागचे हात कोणाचे? ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ मध्यें निघालें. त्याच्या मोठ्या चित्राचा लांकडी ठसा अनेक तुकड्यांचा असे. एकेक तुकडा निराळा कारागीर कोरी, मग ते बोल्टांनीं जोडीत. ताज्या घटनेचें चित्र वेळेवर निघे तें यामुळेंच. कोपऱ्यांत बहुधा पेढीचें नांव असे, कोरणाऱ्याचें नसे. शतक सरतां सरतां छायाचित्रावरून ठसे होऊं लागले, आणि डोळे शिणवून शिकलेली ती विद्या त्यांच्या हातांतच निरुपयोगी झाली.