तेल दबत नाही, दबतो तो गॅस: लक्झरी गाडीतल्या एका गोळ्याचा इतिहास

हा भाग रेकॉर्ड करताना मी भंडाऱ्यात घरी आहे, त्यामुळे मध्येच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. मुंबई-कोलकाता हायवे जवळच आहे. याच रस्त्यावर पुढे गडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना आहे, त्यामुळे गाड्यांच्या गप्पा आमच्याकडे चहासोबत फुकट मिळतात. आजची गोष्ट मात्र ट्रकची नाही. ती आहे एका जुन्या, जर्मन, सेकंड हँड लक्झरी गाडीची.

माझ्या मित्राच्या बाबांनी ती घेतली. हौस होतीच, पण कारणही होतं. आजीच्या मणक्याचा त्रास, दर महिन्याला नागपूरला दाखवायला न्यायचं, आणि या गाडीची मागची सीट म्हणजे गादी, असं सगळ्यांनी सांगितलेलं. पहिले काही महिने खरंच गादी होती. मग हळूहळू दगड झाली. साधा स्पीड ब्रेकर आला तरी मागून धाडकन आवाज. आजी म्हणाली, "याच्यापेक्षा माझी रेंगी बरी होती." रेंगी म्हणजे आमच्याकडची छोटी बैलगाडी, नव्या मंडळींसाठी सांगतो.

एका मोठ्या वर्कशॉपने मागचे दोन्ही शॉक बदलले. बिल आलं, धाडधाड तशीच राहिली. मग ते म्हणाले, हायड्रॉलिक पंप गेलाय, तीन लाखांच्या वर जाईल. आणि मी, बीटेक, चार व्हिडिओ बघून, मान हलवली आणि म्हणालो, हो काका, पंपच असेल. ही मान मी का हलवायला नको होती, ते समजायला आपल्याला फ्रान्सला जावं लागेल.

1930 च्या दशकात सिट्रोएन कंपनी कर्जात बुडून मिशलँ या टायर कंपनीच्या हातात गेली. तिथे आलेल्या पिएर-ज्यूल बुलांजे यांनी शेतकऱ्यांसाठी स्वस्त गाडी करायला सांगितली. अट अशी की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडी फुटायला नकोत. ती गाडी म्हणजे 2सीव्ही, 1948 साली लोकांसमोर आली. पण बुलांजेंच्या डोक्यात सस्पेन्शनचा किडा तेवढ्यावर थांबला नाही. 1942 मध्ये, म्हणजे फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना, त्यांनी पॉल माजेस नावाच्या माणसाला या कामाला लावलं. माजेस 17 व्या वर्षी कंपनीत लागला होता आणि त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय, स्वतःला चिमटा म्हणून.

प्रॉब्लेम काय होता? स्टीलच्या स्प्रिंगचं एक ठरलेलं बळ असतं. मऊ ठेवली तर पाच माणसं बसल्यावर गाडी जमिनीला टेकते, कडक ठेवली तर एकट्या ड्रायव्हरची हाडं मोजली जातात. माजेसने स्प्रिंगच काढून टाकली. तिच्या जागी प्रत्येक चाकाला लोखंडी गोळा दिला, साधारण नारळाएवढा. आत मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आलं की पिस्टन तेल ढकलतो, तेल पडद्याला ढकलतं, नायट्रोजन दबतो आणि परत उसळतो. हवा का भरली नाही? कारण जोरात दाबलेली हवा आणि तेल एकत्र आले की पेट घेऊ शकतात. डिझेल इंजिन त्याच तत्त्वावर चालतं.

आणि यातली खरी हुशारी पुढे आहे. गाडीत वजन वाढलं की उंची बघणारा एक व्हॉल्व्ह पंपाकडून जास्त तेल आत घेतो. माणसं उतरली की तेल परत सोडतो. म्हणजे गाडी कायम एकाच उंचीवर. तेलाचं काम उंची राखायचं आणि धक्का पुढे पोचवायचं. स्प्रिंगचं काम गॅसचं. हे वाक्य लक्षात ठेवा, आजीची गाडी यावरच अडकली होती.

1954 मध्ये एका मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना हे लावून पाहिलं. मग ऑक्टोबर 1955, पॅरिसचा मोटर शो, आणि डीएस 19. पहिल्याच दिवशी सुमारे 12,000 ऑर्डर! आजच्या फोनच्या फ्लॅश सेलसारखं, फक्त इथे कार्टमध्ये अख्खी गाडी. 1962 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, दोन टायर फुटले, तरी ड्रायव्हरने गाडी सुखरूप बाहेर काढली. त्यानंतर या सस्पेन्शनला वेगळ्या जाहिरातीची गरजच उरली नाही. रोल्स-रॉइसने 1965 च्या सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनकडूनच परवाना घेतला. मर्सिडीजने 1975 च्या 450 एसईएल 6.9 मध्ये याच तत्त्वावरची स्वतःची सिस्टीम बसवली.

पण रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याचं काय? त्याच्यासमोर अचानक अशी गाडी आली जिच्यात एकाच पंपावर सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं चालतंय, दाब सुमारे 150 बार. आपल्या कारच्या टायरमधल्या हवेच्या साठ-सत्तर पट. सुरुवातीचं तेल हवेतली ओल शोषून घ्यायचं आणि आतले भाग गंजायचे. म्हणून 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात लालऐवजी हिरवं, खनिज तेल आलं. आता लाल तेलाच्या गाडीत कोणी हिरवं ओतलं की रबरी सील खराब, उलटं केलं तरी तेच. त्यामुळे या गाड्यांच्या तपासणीची पहिली पायरी पाना-स्क्रू ड्रायव्हर नव्हती, झाकण उघडून रंग बघणं ही होती.

बाकीची तपासणीही कानाने आणि हाताने व्हायची. इंजिन चालू ठेवून प्रेशर रेग्युलेटरची टिक ऐकायची. दोन टिकांमध्ये बराच वेळ गेला तर बरं. दर दोन-तीन सेकंदांना टिक-टिक होत असेल तर दाब साठवणाऱ्या मुख्य गोळ्यातला गॅस संपलाय, आणि पंपाला श्वास घ्यायला वेळ नाही. गाडी बंद केल्यावर लवकर खाली बसते? मग तेल कुठेतरी गळतंय, किंवा सील झिजलेत. उभी व्यवस्थित आहे, पण खड्ड्यात दगडासारखी आपटते? मग चाकाचा गोळा. गॅस रबरातून वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतोच, पडदा फाटायलाच पाहिजे असं नाही. म्हणून हा बिघाड एका दिवसात कळत नाही, माणूस त्याला सवयतो.

आता परत भंडाऱ्यात.

मित्राच्या ओळखीने आम्ही एका मेकॅनिकभाऊंकडे गेलो. त्यांचं रोजचं काम जेसीबी आणि दगड फोडायच्या ब्रेकर मशीनचं. लक्झरी गाडी त्यांनी आयुष्यात उघडली नव्हती. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, डिकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि सगळं वजन टाकलं. गाडी हलली नाही. मग आम्हा तिघांना डिकीत बसवलं. गाडी जराशी बसली आणि थोड्या वेळात आपोआप होती त्या उंचीवर आली.

"पंप काऊन बदलता? पंपानंच तर उचललं तुम्हाले," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग एवढी कडक का?

"तेल थोडी दबते, बापू! दबते तो गॅस. गॅस गेला असन याचा."

ब्रेकर मशीनवर नायट्रोजनची टाकी असते. तिच्यातला गॅस कमी झाला की तेलाचे पाइप उड्या मारायला लागतात, हे ते रोज बघतात. त्यांनी गाडी ओळखली नाही, पडदा आणि गॅस ओळखला. मी तिथे अक्षरशः गप्प. सर्व्हर स्लो झाला की आधी लॉग बघायचा, पार्ट बदलत बसायचं नाही, हे मी ऑफिसात ज्युनिअरना शिकवतो.

आणि एक गोष्ट मला अजून खटकते. वर्कशॉपने गाडीला स्कॅनर लावला होता आणि त्यात एकही एरर नव्हता. बरोबरच आहे. या गाडीतल्या सेन्सरला उंची कळते, आणि उंची तर परफेक्ट होती! गोळ्यातला गॅस मोजणारं तिथे काहीच नाही. 1955 मधला फ्रेंच मेकॅनिक हाताने दाबून जे शोधायचा, ते आजचा लॅपटॉप सांगेलच असं नाही.

मागचे दोन्ही गोळे कुरिअरने मागवले. पंपाच्या कोटेशनच्या दहाव्या हिश्शातही काम झालं नाही असं नाही, त्याहून कमीत झालं. शॉकचे पैसे मात्र गेले ते गेले. काका अजूनही तो विषय निघाला की उठून आत जातात.

सिट्रोएनने स्वतः हे गोळे 2017 मध्ये सी5 सोबत बंद केले. 2021 मध्ये कंपनी भारतात आली तेव्हा सी5 एअरक्रॉसमध्ये 'हायड्रॉलिक कुशन' हा शब्द होता, पण ती स्टीलची स्प्रिंग आणि जरा वेगळा शॉक. माजेसचा गोळा त्यात नाही. स्वस्त, टिकाऊ, समजायला सोपं, मान्य. मला थोडं वाईट वाटतं, एवढंच.

आजी त्याच आठवड्यात नागपूरला गेली. वाटेतल्या पुलावरचे सांधे लागले तेव्हा मी मागे वळून बघितलं, तर ती झोपली होती.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर दोन गोष्टी. नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नका, पाइप ढिला झाला की ती एका क्षणात खाली बसते. आणि काढलेल्या जुन्या गोळ्याला कुतूहल म्हणून करवत लावू नका, आत दाब शिल्लक असू शकतो. माझ्या टेबलावर त्यातला एक पेपरवेट म्हणून ठेवलाय, न उघडता. चला, भेटू पुढच्या भागात.