प्रयोगप्राण्यांच्या रक्तद्रवातील विकरांची सामान्य पातळी

रक्त गोठू न देता त्यातील पेशी वेगळ्या केल्यावर जो पिवळसर द्रव उरतो तो रक्तद्रव होय. त्यात आढळणारे एएलटी, एएसटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिन कायनेज इत्यादी विकर, म्हणजे एंझाइम, मुळात यकृत, स्नायू, हाडे यांच्या पेशींत कार्य करतात व पेशींच्या स्वाभाविक झिजेमुळे अल्पांशाने रक्तात उतरतात. निरोगी प्राण्यातील हे प्रमाण ठाऊक असेल तरच औषधाने वा विषाने झालेली इजा ओळखता येते.

विकराचे वजन केले जात नाही, त्याची क्रिया मोजली जाते. ठरलेल्या परिस्थितीत मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर घडवणारी क्रिया म्हणजे एक आंतरराष्ट्रीय एकक. आर्थर कार्मेन यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या एएसटी मापनात एनएडीएच हे संयुग खर्च होत जाते व ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण ज्या वेगाने घटते त्यावरून विकराची क्रिया कळते. तापमान बदलले की आकडाही बदलत असल्याने आज बहुधा ३७ अंश सेल्सिअसला मापन करतात.

एका प्राण्याचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या, १९५८ पासून चालत आलेल्या संस्थेत श्वान आणि गाय दोन्ही अभ्यासाचे विषय असतात. श्वान व उंदीर यांच्या यकृतात एएलटी विपुल असते, गायीच्या यकृतात मात्र ते इतके कमी असते की यकृताच्या इजेची खूण म्हणून त्याचा उपयोग नाही. वाढत्या वयाच्या प्राण्यात हाडांमुळे फॉस्फेटेज अधिक भरते, तर उंदराने नुकतेच खाल्ले असल्यास आतड्यातील फॉस्फेटेजची त्यात भर पडते.

खरी कसोटी रक्त घेणाऱ्या हाताची असते. धडपडणाऱ्या प्राण्याला दाबून धरल्यास क्रिएटिन कायनेज वाढते. तांबड्या पेशी फुटल्यास एएसटी व लॅक्टेट डिहायड्रोजनेज फुगून दिसतात. ईडीटीए हे गोठणरोधक धातूंचे आयन बांधून फॉस्फेटेजची क्रिया दडपत असल्याने त्याऐवजी हेपारिन घेतात. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात नमुना थंड ठेवून रक्तद्रव लगेच वेगळा करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

संदर्भमर्यादा काढण्यासाठी शक्यतो किमान १२० निरोगी प्राण्यांची मापने घेऊन मधला ९५ टक्के भाग धरतात. उंदरात रक्त किलोमागे सुमारे ६४ मिलिलिटर असते; अडीचशे ग्रॅमच्या उंदराचे दहा टक्के रक्त घेतले तर जेमतेम दीड मिलिलिटर हाती येते आणि त्यातून सुमारे निम्माच रक्तद्रव मिळत असल्याने कोणते विकर मोजायचे हे आधीच ठरवावे लागते.